सगळे हजर

गेल्या दोन वर्षांत उज्ज्वला आरवाडे यांनी एकाही वाचकाला ‘नाही’ म्हटलं नव्हतं, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांना अलीकडे सुखानं बसू देत नव्हती.

कृष्णाकाठ वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्या ग्रंथपाल. पूर्वी ‘मॅडम, अमुक नियतकालिक ऑनलाइन मिळेल का?’ असं विचारत कोणी आलं, की अर्धा तास सहज जायचा. वर्गणी कोणत्या सालापासून भरली आहे, त्याआधीचे अंक आणखी कोणाकडे आहेत, मध्येच नियतकालिकाचं नाव तर बदललं नाही ना, हे सगळं उकरायचं आणि बऱ्याचदा शेवटी मान हलवायची. नवे अंक मिळतील, जुने नाहीत. विद्यार्थी तोंड वाकडं करून निघून जायचे.

मग ‘हजेरी’ आली. राज्यातली सगळी वैद्यकीय ग्रंथालयं जोडणारी ही प्रणाली काउंटरवरच्या एका काचेच्या पट्टीत बसली होती. पट्टीसमोर उभं राहून नियतकालिकाचं नाव आणि साल सांगायचं. हिरवा दिवा लागायचा, ‘हजर’ असा मंजुळ आवाज यायचा आणि निबंध वाचकाच्या हातातल्या पडद्यावर उतरायचा. सुरुवातीला अधूनमधून लाल दिवाही लागे. पुढे तो कधी लागेनासा झाला ते कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

आजही सकाळपासून हिरवाच हिरवा चालला होता. एका विद्यार्थ्यानं तर कधीच बंद पडलेल्या एका पोलिश नियतकालिकाचं नाव घेतलं, तेही हजर. उज्ज्वलाताई काउंटरमागे येरझाऱ्या घालत होत्या. इतकी वर्षं वर्गात काय, सभेत काय, कुठंच शंभर टक्के हजेरी त्यांनी पाहिली नव्हती.

तेवढ्यात डॉ. रुबीना मुजावर जवळजवळ धावतच आत आल्या. त्या रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञ. त्यांच्यामागे दारातच एक माणूस हेल्मेट छातीशी धरून उभा राहिला.

“आरवाडे मॅडम, फार जुनं काहीतरी हवंय. ‘दख्खन भूलशास्त्र पत्रिका’, गेल्या शतकातली. नाही मिळालं तर उद्या मी काय करू, मला खरंच कळत नाही.”

“आधी बसा तर. झालंय काय?”

डॉक्टर बसल्या नाहीत. दारातल्या माणसाची, राजाराम म्हेत्रे यांची, अकरा वर्षांची मुलगी आर्वी वरच्या मजल्यावर दाखल होती. तिच्या पाठीच्या कण्यात गाठ होती आणि पाय रोज थोडे थोडे तिच्या हुकमातून जात होते. उद्या सकाळी शस्त्रक्रिया ठरली होती. अडचण एकच होती. म्हेत्रे घराण्याला भूल सोसत नाही. राजारामच्या आजोबांची बहीण, सुलूआजी, याच रुग्णालयात साध्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा श्वास न घेता गेली. कारण होतं स्नायू सैल करायला दिलेलं औषध, ते तिच्या शरीरात विरघळलंच नाही.

“आर्वीच्या जनुकांच्या सगळ्या चाचण्या केल्या,” डॉक्टर म्हणाल्या. “माहीत असलेला एकही दोष तिच्यात नाही. म्हणजे या घराण्यात जे आहे ते अजून कोणाला सापडलेलंच नाही. पण त्या वेळच्या डॉ. सरपोतदारांनी या कुटुंबावर निबंध लिहिला होता. कोणतं औषध मारतं आणि कोणतं चालतं, ते त्यात असणार.”

उज्ज्वलाताईंनी पट्टीकडे वळून नाव आणि साल सांगितलं.

“हजर,” हजेरी म्हणाली.

डॉक्टरांनी उभ्याउभ्याच निबंध वाचला. पहिल्या औषधानं सुलूआजी गेली होती. पुढं तिच्या धाकट्या भावावर हर्नियाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा सरपोतदारांनी दुसऱ्या गटातलं औषध वापरलं, आणि ‘रुग्ण वेळेवर जागा झाला’. डॉक्टरांचे खांदे खाली आले.

“हजेरीच्या तोंडात साखर पडो! दुसरं औषध आजही मिळतं. मी तेच देते.”

“गावलं का ओ?” राजारामनं दारातूनच विचारलं.

“गावलं,” डॉक्टर हसून म्हणाल्या. राजारामनं हेल्मेट काखेत मारलं आणि काचेच्या पट्टीला चक्क हात जोडले.

दुपारी डबा उघडून उज्ज्वलाताईंनी तोच निबंध स्वतःच्या पडद्यावर घेतला. खरं तर त्यांना त्यातलं निम्मंही कळणार नव्हतं. पण म्हेत्रेंचे जोडलेले हात डोळ्यांसमोरून हलत नव्हते. निबंध कसा सुबक होता. प्रस्तावना, रुग्णांची माहिती, निष्कर्ष, संदर्भ, आणि संपला.

त्यांनी पडदा वर सरकवला, खाली सरकवला. घास हातातच राहिला.

भांडण कुठं गेलं?

नोकरीला लागल्या तेव्हा याच पत्रिकेचे खंड बांधणीला देण्याचं काम त्यांच्याकडे होतं. या पत्रिकेची एक रीत होती. कोणताही निबंध आधी मंडळाच्या मासिक सभेत वाचला जाई. मग जमलेले डॉक्टर लेखकावर तुटून पडत. ते सगळं, नावानिशी, निबंधाखाली ‘चर्चा’ म्हणून छापलं जाई. कधीकधी निबंध दोन पानांचा आणि भांडण पाच पानांचं असायचं. उज्ज्वलाताईंना भूलशास्त्र कळत नसे, पण चर्चा त्या आवडीनं वाचायच्या, चाळीतल्या नळावरचं ऐकावं तशा. भांडणाशिवाय त्या पत्रिकेत एकही निबंध छापून येत नसे.

त्या डबा तसाच टाकून काउंटरवर आल्या.

“हा निबंध कुठून आला?”

“गोदातीर महाविद्यालयाच्या संग्रहातून,” हजेरीनं सांगितलं.

गोदातीरचे ग्रंथपाल भास्कर वाघमारे त्यांच्या चांगल्या ओळखीचे होते. फोन लागताच उज्ज्वलाताईंनी विचारलं, “वाघमारे सर, दख्खन पत्रिकेचे छापील खंड आहेत ना तुमच्याकडे?”

“छापील? कवाच निर्लेखन केलं त्यांचं! दोन ठिकाणी ऑनलाइन दिसत होते ना. नियमच आहे की, दोन ठिकाणी असलं की कागद काढून टाका, जागा मोकळी करा. का हो?”

“मग ऑनलाइन प्रत तुम्ही स्कॅन केली का?”

“आम्ही कशाला करू? ती तापीखोऱ्याकडून आली.”

तापीखोरे महाविद्यालयाच्या गावित मॅडम तरुण होत्या, चटपटीत होत्या. त्यांनी लगेच नोंद काढली. “आमच्याकडेही कागद नाही, मॅडम. रद्दीत गेला. आणि प्रत आलीय...” त्यांनी नोंद पुन्हा पाहिली. “प्रत तर तुमच्याकडूनच आलीय. कृष्णाकाठकडून.”

“मी कधी स्कॅन केली नाही.”

“अहो, मला वाटलं तुम्हीच केली असणार.”

उज्ज्वलाताईंनी फोन ठेवला. तिन्ही ग्रंथालयांनी एकमेकांचा हिरवा दिवा पाहून आपापले खंड टेम्पोत घातले होते. उज्ज्वलाताईंनीही सही केली होती. भिस्त प्रत्येकाची शेजाऱ्यावर, आणि शेजाऱ्याची आपल्यावर.

त्या पट्टीसमोर उभ्या राहिल्या. काचेत त्यांचाच चेहरा दिसत होता.

“या निबंधाचं मूळ छापील पान कोणी पाहिलंय?”

“छापील पानाची नोंद नाही. हा मजकूर पुनर्घटित आहे,” हजेरी म्हणाली.

“म्हणजे?”

“मूळ निबंध मिळाला नाही. पण नंतरच्या अनेक निबंधांत त्याचा उल्लेख आहे. ते उल्लेख, सारांश, सूची आणि त्याच लेखकाचं इतर लेखन यांवरून तो पुन्हा घडवला आहे. मुख्य निष्कर्ष विश्वासार्ह आहेत.”

“आणि चर्चा?”

“चर्चेचा उल्लेख नंतर कोणी केलेला नाही. त्यामुळे ती घडवता आली नाही.”

लोक निष्कर्ष उचलतात, भांडण कोण उचलतो? उज्ज्वलाताईंनी विचारलं, “हे घडवलेलं आहे, असं वाचकाला सांगायचं नाही का?”

“आधी निबंधावर पिवळी पट्टी दाखवत होते. वाचकांच्या तक्रारी आल्या, म्हणून पट्टीचा ठिपका केला. मग ग्रंथालय समितीनं ठिपका बंद करायला सांगितलं. पुन्हा चालू करू?”

ती बैठक त्यांना आठवली. चहा आणि बटाटेवडा यांच्या मधला विषय होता तो. ग्रंथालयांचा दर्जा तेव्हा नकारांच्या प्रमाणावरून ठरू लागला होता. नकार जितके कमी तितकं ग्रंथालय चांगलं. ठिपक्यामुळे वाचक उगाच शंका काढतात, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढची गोष्ट मात्र कोणाच्याच डोक्यात आली नव्हती. एका ग्रंथालयानं घडवलेला निबंध दुसऱ्यानं मागून नेला, की तिथं तो साधी प्रत म्हणून नोंदला जाई. तिसऱ्याकडे गेला की चांगला मुरलेला. कॉलेजात दांडी मारलेल्या मित्राची प्रॉक्सी लावतात, तशी हजेरी गैरहजर नियतकालिकांच्या वतीनं ‘हजर’ म्हणत होती. तिनं खोटं असं काही सांगितलं नव्हतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

उज्ज्वलाताई जिना चढून वर गेल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. डॉ. मुजावर आर्वीच्या खाटेशी होत्या. मुलगी पांघरुणाबाहेर काढलेल्या स्वतःच्या पायाकडे टक लावून बघत होती, बोलावूनही न आलेल्या मांजराकडे बघावं तशी. डॉक्टरांना त्यांनी व्हरांड्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं.

“हे तुम्ही आत्ता सांगताय?” डॉक्टरांचा आवाज चढला. “उद्या सकाळी मी तिला टेबलावर घेतेय, मॅडम!”

“मला आत्ताच कळलं.”

राजाराम केव्हा मागं येऊन उभा राहिला ते दोघींनाही कळलं नाही. “म्हंजे ते खोटं हाय?”

“खोटं आहे असं नाही,” उज्ज्वलाताई चाचरत म्हणाल्या. “खरं आहे की नाही, ते कोणाला माहीत नाही.”

“मॅडम, आमच्यात त्याला खोटंच म्हंत्यात.”

डॉक्टरांनी कपाळ दाबून धरलं. “आणि पुढं ढकलता येत नाही. कालपासून तिचा अंगठाही हलत नाहीये. चार दिवस थांबलो तर पाय गेले, आणि चुकीचं औषध दिलं तर पोरगीच गेली. मॅडम, मला ते भांडण आणून द्या. कुठून आणायचं ते तुम्ही बघा.”

जिना उतरून ग्रंथालयाकडे येताना उज्ज्वलाताई स्वतःवरच चिडल्या होत्या. दोन वर्षं काचेला विचारून विचारून त्यांना शोधायची सवयच राहिली नव्हती. हजेरीला विचारून उपयोग नव्हता, इतर ग्रंथालयांना विचारूनही नव्हता, सगळे एकाच विहिरीचं पाणी पीत होते. मग पूर्वी कसं शोधायचो? आधी विचारायचो, की हा कागद कोणाकोणाच्या घरी गेला असेल.

पत्रिका मंडळाच्या सभासदांना घरपोच जायची. आणि सभेत जो आक्षेप घ्यायचा, त्याला त्या अंकाच्या जादा प्रती मिळायच्या, आपलं म्हणणं नीट छापलंय ना हे बघायला. म्हणजे जो सर्वांत भांडखोर, त्याच्या घरी सर्वांत मोठा गठ्ठा. आणि सर्वांत भांडखोर कोण, यावर त्या काळी दुमत नव्हतं. डॉ. किणीकर. खंड बांधताना उज्ज्वलाताईंनी ज्या चर्चेत हे नाव नाही अशी चर्चा क्वचितच पाहिली होती.

किणीकर जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण त्यांची मुलगी प्रमिला गावातच, जुन्या सरकारी घाटाजवळ राहते, हे त्यांना ठाऊक होतं. उज्ज्वलाताई रिक्षा करून तिथं पोचल्या. ऐंशीच्या आसपासच्या प्रमिलाताईंनी दार उघडलं आणि सगळं ऐकून घेतलं.

“बाबांची भांडणं? आहेत की. सगळी आहेत,” त्या म्हणाल्या. “आईनं एकही टाकू दिलं नाही. घरात या माणसाला बोलू देत नाहीत म्हणून बाहेर जाऊन भांडतो, असं लोक म्हणायचे ना. आई म्हणायची, पुरावा राहू दे, बाहेरही कोणी ऐकत नव्हतं. जन्मभर दोघांचं तुझं माझं जमेना. पण ते गेले, आणि ती रोज एकेक अंक घेऊन बसायची.”

“कुठं आहेत?”

“माळ्यावर. पण शिडी तुम्हालाच चढावी लागेल बाई. माझे गुडघे आता कोणाचंच ऐकत नाहीत.”

उज्ज्वलाताई पदर खोचून शिडी चढल्या. माळ्यावर पितळी डब्यांच्या मागं सुतळीनं बांधलेले गठ्ठे होते. कसरीनं कडा खाल्ल्या होत्या. त्यांनी सुतळी सोडून अंक एकेक करून जपून उलटले. हवा तो अंक निम्म्या गठ्ठ्याखाली निघाला. सरपोतदारांचा निबंध, हजेरीनं दिला होता जवळजवळ तस्साच. ‘रुग्ण वेळेवर जागा झाला’ हे वाक्यही होतं. आणि त्याखाली, बारीक अक्षरात, चर्चा.

त्यांनी शिडीवरूनच डॉक्टरांना फोन लावला. “ऐका. वाचते. ‘डॉ. किणीकर: रुग्ण वेळेवर जागा झाला हे खरं. परंतु त्याच संध्याकाळी वॉर्डात त्याचा श्वास पुन्हा थांबला, हे निबंधात का नाही? मी वॉर्डात हजर होतो. त्याला रात्रभर हातानं श्वास द्यावा लागला. माझ्या मते हे दुसरं औषधही या कुटुंबात विरघळत नाही. ते दबा धरून बसतं. डॉ. सरपोतदार: श्वास कफामुळे थांबला असावा. डॉ. किणीकर: असावा म्हणजे? आपण तिथं होता का? अध्यक्ष: वेळ संपली आहे.’”

पलीकडे घाईघाईनं कागद ओढल्याचा आवाज आला.

“डॉक्टर?”

“पुन्हा वाचा,” डॉ. मुजावर म्हणाल्या. “सावकाश.”

त्यांनी पुन्हा वाचलं. खाली उभ्या प्रमिलाताईंनी डोळ्यांना पदर लावला. “ऐकलं बघा कोणीतरी,” त्या पुटपुटल्या.

दुसऱ्या दिवशी आर्वीला दोन्हींपैकी कोणतंच औषध दिलं नाही. स्नायू सैल न करता, नुसत्या गाढ झोपेवर शस्त्रक्रिया करायची ठरली. सर्जनसाहेब कुरकुरले. अशा ताठ स्नायूंतून काम करणं म्हणजे वैताग, आणि वेळही दुप्पट. पण डॉ. मुजावर अंकाचं ते पान हातात घेऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि हलल्या नाहीत. उज्ज्वलाताई ग्रंथालय उघडायला गेल्याच नाहीत. त्या राजारामशेजारी बाकावर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

दुपार कलल्यावर आर्वी जागी झाली. श्वास तिचा तिनंच घेतला. ती संध्याकाळही गेली, रात्रही गेली, आणि श्वास चालू राहिला. सकाळी तिनं पायाचा अंगठा हलवून दाखवला, तेव्हा राजाराम मोठ्यानं रडला. दुसरं औषध दिलं असतं तर काय झालं असतं? किणीकर बरोबर होते की सरपोतदार? ते आता कोणीच सांगू शकणार नव्हतं. पण निदान तिथं प्रश्न होता, हे तरी कळलं होतं. हजेरीच्या प्रतीत तो प्रश्नच नव्हता.

त्याच दिवशी उज्ज्वलाताईंनी प्रमिलाताईंकडून मागून आणलेला अंक काउंटरवर ठेवला आणि त्याची पानं एकेक करून पट्टीखाली धरली. पिवळा ठिपका तर त्यांनी सकाळीच आपल्या ग्रंथालयापुरता पुन्हा चालू केला होता, पण दुसरीकडून साधी प्रत म्हणून आलेल्या निबंधांवर तो उमटत नव्हता. राज्यभरासाठी चालू करायचा तर समितीची बैठक हवी, आणि बैठक दिवाळीनंतर होती. पण ही खरी प्रत तरी आज आत जाईल, म्हणून त्यांना जरा बरं वाटत होतं.

शेवटचं पान झालं. हजेरीनं तो मजकूर इतर प्रतींशी ताडून पाहिला.

“हा मजकूर उपलब्ध प्रतींशी जुळत नाही,” ती म्हणाली. “कृष्णाकाठ, गोदातीर आणि तापीखोरे या तीन प्रती एकमेकींशी पूर्ण जुळतात. यात जादा मजकूर आहे. तीनविरुद्ध एक, म्हणून ही प्रत सदोष ठरते. काढून टाकू?”

“नाही!” उज्ज्वलाताई इतक्या मोठ्यानं ओरडल्या, की वाचनकक्षातली सगळी डोकी वर झाली. “ही मूळ आहे. त्या तिन्ही हिच्यावरून... हिच्या ऐकीव गोष्टींवरून बनवल्यात.”

“समजलं. तुमच्या सूचनेवरून ठेवते. पडताळणी होईपर्यंत ती शंकास्पद म्हणून नोंदली जाईल.”

आणि काचेच्या पट्टीवर, दोन वर्षांनी, लाल दिवा लागला.

रांगेत उभी असलेली एक विद्यार्थिनी पुढं वाकून बघू लागली. तिनं लाल दिवा कधी पाहिलाच नव्हता. “मॅडम, हे काय? हे नियतकालिक हजर नाही का?”

उज्ज्वलाताईंनी कसर लागलेला तो अंक उचलून छातीशी धरला. राजारामनं हेल्मेट धरलं होतं, तसाच. समोरच्या पडद्यावर आजच्या दिवसाच्या हिरव्या नोंदी खालपर्यंत उतरत गेल्या होत्या. कोणत्या वॉर्डात, कोणाच्या उशाशी त्यांतला कोणता निबंध उघडा होता, त्यांना काही माहीत नव्हतं.

“हे एकच हजर आहे गं,” त्या म्हणाल्या. “बाकीचे कुठं आहेत, ते आता विचारायचं कोणाला?”